परसबागेचा जमाखर्च

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा किरकोळ भाव मुंबई-पनवेलकडे किलोला दीडशे-दोनशे रुपयांपर्यंत गेला, तेव्हा आमच्या रसायनी-मोहोपाडा भागात एक गंमत पाहावयास मिळाली. ज्यांनी जन्मात कधी कुदळ हाती धरली नव्हती, अशी मंडळी नर्सरीतून टोमॅटोची रोपे शोधत फिरू लागली. भर पावसात रोपे लागली. त्यांतील निम्मी पाण्याने कुजली, काही मर रोगाने गेली. जी तगली त्यांना फळ धरेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. पण सप्टेंबरमध्येच भाव इतका कोसळला होता की नाशिककडील शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतून दिले. म्हणजे रोपांचा पैसा गेला, मेहनत गेली, आणि हाती आलेले चार टोमॅटो बाजारात वीस रुपयांना मिळाले असते.

कापडाच्या धंद्यात याला तेजीत माल भरणे म्हणतात. दुसऱ्याच्या दुकानात गर्दी दिसली म्हणून तोच माल चढ्या भावाने भरायचा, आणि आपल्या फळीवर येईपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेले असते. धंद्यात ज्याला आपण मूर्खपणा म्हणतो तोच घरच्या बागेत हौस म्हणून चालतो. परसबाग हाही एक छोटा व्यवहार आहे. त्यात भांडवल आहे, मेहनत आहे, नफा-तोटा आहे आणि मालाची पारखही आहे. तो व्यवहार म्हणून केला तर घराला हातभार लागतो; हौस म्हणून केला तर पहिल्या वर्षीच कुंड्या रिकाम्या होतात. या लेखात आम्ही परसबागेचा विचार त्याच दृष्टीने करणार आहोत.

आपला मुलूख

रसायनी हे नावच कारखान्यांनी दिलेले आहे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. पुढे पाताळगंगेच्या काठी औद्योगिक वसाहत वाढली. १९८२ मध्ये रिलायन्सच्या पाताळगंगा प्रकल्पात पॉलिएस्टर धागा निघू लागला आणि त्या धाग्याने आमच्या कापड बाजाराचे रूपच पालटले. नोकरीसाठी देशभरातून माणसे आली, वसाहती झाल्या, क्वार्टरच्या मागे-पुढे मोकळी जागा राहिली. त्या जागेत शेवगा, कढीपत्ता, केळ आणि पपई नाही असे घर विरळाच.

नंतर काळ बदलला. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑर्गॅनिकच्या रसायनी कारखान्यातील तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. ‘इस्रो’ला लागणारे रॉकेटचे रसायन तयार करणारा विभाग तेवढा वगळण्यात आला, आणि जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला विकण्याचे ठरले. कारखाना बंद होतो तेव्हा केवळ पगार थांबत नाही. कामाची सवय असलेले हात घरी बसतात. या गोष्टीचा परसबागेशी फार जवळचा संबंध आहे. तो शेवटी हिशेबात येईल.

निसर्गाने मात्र या भागाला कमी दिलेले नाही. खालापूर-कर्जत पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले; तेथून सुटणारे पाणी पाताळगंगेत येते, त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. भातानंतर अंगच्या ओलाव्यावर वाल घेण्याची येथील पद्धत जुनी आहे. म्हणजे पाणी आहे, ऊब आहे, जाणकारही शेजारी आहेत. प्रश्न आहे तो काय लावावे याचा, आणि त्याही आधी कशात लावावे याचा.

आधी पारख

कापडाचा ठाण घेताना व्यापारी प्रथम रंग पाहत नाही, तो कापड चिमटीत धरून पोत पाहतो. बागेत हे काम मातीचे आहे. आमच्यासारख्या औद्योगिक गावात ही पारख सर्वांत महत्त्वाची आहे, कारण येथे प्रश्न पैशाचा नसून पोटात काय जाते याचा आहे.

आमचीच एक चूक सांगतो. सुरुवातीला आम्ही भंगारातून दोन निळे प्लास्टिकचे ड्रम स्वस्तात आणले, मधोमध कापले, साबणाने तीनदा धुतले आणि त्यांत पुदिना व कोथिंबीर लावली. पुदिना जोमाने आला. एके दिवशी चटणीसाठी पाने चुरताना आमच्या पत्नीने हात थांबवला व म्हणाली, "याला पुदिन्याचा वास कमी आणि कसला तरी दुसराच वास जास्त येतो." ड्रममध्ये पूर्वी काय होते हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. ती सगळी माती पिकाच्या कामातून बाद करावी लागली. चारशे रुपयांचा फायदा पाहायला गेलो आणि तीन महिन्यांची मेहनत गेली. मुलांच्या पोटात काही गेले नाही हीच अल्लाहची मेहरबानी.

जाड प्लास्टिक अनेक रसायने आपल्या अंगात शोषून घेते व नंतर हळूहळू सोडते. वरून धुतल्याने ते निघत नाही. म्हणून ज्या ड्रमवर आतील मालाचे नाव शाबूत आहे आणि तो माल खाण्याचाच होता, असेच ड्रम घ्यावेत. नाव खरवडलेले असेल तर फुकट मिळाला तरी नको. कीटकनाशकाचा डबा तर कोणत्याही घरकामाला वापरू नये.

मातीविषयीही असेच आहे. भरावाची माती कोठून आली ते विचारावे. बांधकामाचा राडारोडा, रस्त्याकडेची काळवंडलेली माती, बॉयलरच्या कोळशाची राख यांवर भाजी नको. लाकडाची चुलीतील राख थोडी चालते, कोळशाची नाही. कारण कोळशाच्या राखेत जड धातू असतात. सांडपाण्याच्या नाल्याचे पाणी कितीही हिरवेगार पीक देत असले तरी घेऊ नये.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात मातीचा सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि जस्त-लोहासारखी सूक्ष्म द्रव्ये अशा बारा बाबी तपासतात. पिकाला काय कमी आहे ते त्यातून कळते. परंतु शिसे, कॅडमियम यांसारखे घातक धातू त्या बारांत नाहीत. तेव्हा पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्धोक, असा अर्थ काढू नये. शंका असेल तर धातूंची तपासणी वेगळी करून घ्यावी. ती करणे शक्य नसेल तर साधा नियम पाळावा. असे धातू पालेभाज्यांत आणि मुळा-गाजरासारख्या कंदमुळांत अधिक उतरतात, फळभाज्यांत त्या मानाने कमी. म्हणून शंकेच्या जमिनीत पालेभाजी व कंद लावूच नयेत. ती विटांचा वाफा करून किंवा पिशव्यांत चांगली माती आणून लावावी. पाने व कंद धुऊनच वापरावेत हे सांगणे नलगे.

जागा किती, भाजी किती

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत एका मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी खावी असे म्हटले आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो, वर्षाला सातशे तीस किलो झाली. कृषी खाते व संशोधन संस्था पाच माणसांच्या कुटुंबासाठी साधारण २०० चौरस मीटरची पोषणबाग सांगतात, म्हणजे जवळपास दोन गुंठे. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून असे मांडले होते की, सूर्यप्रकाशाचा आणि पालापाचोळ्याचा पुरेपूर वापर केला तर पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत चांगले जगू शकते. तो विचार फार मोठा आहे. पण त्यात रोजची जाणकार मेहनत गृहीत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांकडे दोन गुंठेही नाहीत. घरामागे तीन-चारशे चौरस फूट, नाहीतर गच्ची, नाहीतर खिडकी. तेवढ्यात घरची सगळी भाजी पिकणार नाही, आणि तसे सांगणारा आपली फसवणूक करतो. पण म्हणून ती जागा निरुपयोगी ठरत नाही. १९६५ च्या टंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी दिल्लीतील आपल्या बंगल्यातील हिरवळ नांगरून गहू पेरला होता. त्या गव्हाने देशाचे पोट भरणार नव्हते. मोकळी जागा रिकामी ठेवू नये हा त्यातील धडा होता. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरोघरी लावलेल्या बागांतून त्या देशाच्या ताज्या भाजीचा सुमारे चाळीस टक्के भाग येत असे, असा अंदाज सांगितला जातो. थोडी थोडी जागा एकत्र केली तर रक्कम मोठी होते.

कोणता माल भरावा

दुकानात दोन प्रकारचा माल असतो : रोज फिरणारा आणि पडून राहणारा. बागेतही तसेच आहे. कांदा, बटाटा, गहू, डाळ या वस्तू शेतात मोठ्या प्रमाणावर स्वस्त पिकतात, महिनोन्‌महिने टिकतात आणि दूरवरून आल्या तरी बिघडत नाहीत. त्यांच्यासाठी घरची जागा अडवू नये. त्या विकत घ्याव्यात. घरात लावायचे ते तीन जातींचे.

पहिली जात : थोडे थोडे लागते, ताजे लागते आणि बाजारात लवकर सुकते. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, कढीपत्ता, लिंबू, आले, गवती चहा. गृहिणी पाच-दहा रुपयांचे घेते आणि त्यातील निम्मे फ्रीजमध्ये काळे पडते. येथे घरच्या बागेला बाजार टक्कर देऊ शकत नाही. खिडकीत जागा असलेल्यांनी एवढेच करावे.

दुसरी जात : पालेभाज्या. लाल माठ पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत काढता येतो, मेथीही साधारण तितक्याच दिवसांत, पालक तीस-पस्तीस दिवसांत. भांडवल लवकर मोकळे होते. अळू आणि मायाळू एकदा लावले की वर्षानुवर्षे चालतात. अळवाला ओलसर सावलीची जागाही पुरते.

तिसरी जात : वेल आणि झाडे. वेल जमीन थोडी व्यापतो आणि मांडवावर पसरतो. दोडका, पडवळ, घोसाळे, काकडी, कारले, दुधी यांना दोन-दोन फुटांची आळी आणि वर कामट्या-सुतळीचा मांडव पुरेसा आहे. झाडांत शेवगा सर्वांत किफायतशीर : शेंगा, पाला आणि फुले तिन्ही खाण्यात येतात, आणि आजच्या सुधारित जाती बी लावल्यापासून वर्षाच्या आत शेंगा देतात. मात्र शेवगा आणि पपई यांच्या मुळाशी पाणी साचले तर झाड जाते. आपल्या पावसात ही दोन्ही झाडे उंचवट्यावरच लावावीत.

बियाणे घेताना सरळ सुधारित वाण घ्यावे. संकरित वाणाचे बी घरी धरून उपयोग होत नाही, दरवर्षी पुडी विकत घ्यावी लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवामानासाठी कारल्याचे ‘कोकण तारा’, माठाचे ‘कोकण दुरंगी’, वालाचे ‘कोकण भूषण’ असे वाण काढले आहेत. याच विद्यापीठाचे संशोधन केंद्र कर्जतला आणि जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र किल्ला-रोहा येथे आहे. तेथे चौकशी करावी. कातकरी-ठाकूर बायका बाजारात गावठी बी आणतात तेही घ्यावे, आणि घेताना घासाघीस करू नये.

हंगामाचे गणित

व्यापारी ईदचा माल ईदच्या आदल्या दिवशी भरत नाही. तीच शिस्त बागेत लागते.

मे अखेर मांडव बांधून आळी भरून ठेवावीत. पहिल्या पावसाबरोबर वेलांचे बी, हळद आणि आले लावावे. वेल ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत देतात. भर पावसात टोमॅटो, कोथिंबीर, पालक यांच्या मागे लागू नये. लावायचेच तर छपराखाली पिशवीत. या दिवसांत टाकळा, शेवळा, कंटोली, भारंगी या रानभाज्या डोंगरावरून बाजारात येतात. जे रानात आपोआप पिकते ते विकत घ्यावे, म्हणजे आणणाऱ्या बाईच्याही घरी चूल पेटते.

पाऊस गेला की खरा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने रसायनीतील परसबागेची दिवाळी-ईद समजावी. माठ, मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वांगी, मिरची, टोमॅटो, वाल सर्व येते. एकदम सगळा वाफा पेरू नये. दर दहा-बारा दिवसांनी दोन-दोन हात जागा पेरावी, म्हणजे एकाच आठवड्यात दहा जुड्या आणि पुढे महिनाभर शून्य, असे होत नाही. उन्हाळ्यात भेंडी, गवार, काकडी घ्यावी आणि मुळाशी पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे, त्याने पाणी कमी लागते.

रमजानचा विचार वेगळा करावा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२४ मध्ये तो मार्च-एप्रिलमध्ये होता, २०२५ मध्ये मार्चमध्ये. पुढील काही वर्षे तो थंडीच्या दिवसांत येत राहील, म्हणजे आपल्या भाजीच्या ऐन हंगामात. इफ्तारला कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू, काकडी लागते आणि नेमके त्याच महिन्यात त्यांचे भाव चढतात. कोथिंबिरीला पेरणीपासून चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. शाबानचा चंद्र दिसण्याआधी पहिला वाफा पेरला तर रमजानच्या पहिल्या आठवड्यात घरची कोथिंबीर दस्तरख्वानावर येते.

खत, कीड आणि कापड

खत विकत घेण्याची गरज फारशी नाही. आपल्या वसाहतींत झाडे भरपूर आहेत आणि दर जानेवारी-फेब्रुवारीत पालापाचोळ्याचे ढीग लोक जाळून टाकतात. ती जळणारी संपत्ती आहे. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात एक थर पाला, एक थर स्वयंपाकघरातील भाजीचा कचरा, वर थोडे शेण किंवा माती असे भरत जावे. ओल ठेवली तर तीन-चार महिन्यांत खत तयार होते. मटणाची हाडे, चरबी, मासळीचे काटे उघड्या ढिगात नकोत. कुत्री आणि उंदीर येतात.

किडीसाठी घाईने औषध मारू नये. आमच्या गावाला हे सांगण्याची विशेष गरज आहे, कारण हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीच्या रसायनी कारखान्यात डीडीटी तयार होत असे. एके काळी हे औषध निर्धोक समजून सर्रास वापरले गेले. शेतीसाठी त्याचा वापर आपल्या देशात १९८९ पासून बंद झाला. आज निर्धोक म्हणून विकले जाणारे उद्या तसे ठरेलच असे नाही. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. कडुनिंबाच्या वाळलेल्या निंबोळ्या कुटून, ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारल्यास बहुतेक किडी आवरतात. काकडी-कारल्याला फळमाशी लागते. तिच्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा मिळतो. वेलवर्गीय भाज्यांसाठी त्यात क्यू-ल्यूर गंधाची गोळी लागते. आंब्याची गोळी वेगळी असते, ती घेऊन उपयोग नाही.

कापडाच्या बाबतीत दोन शब्द आमच्या धंद्याच्या अनुभवाने. सिमेंटच्या किंवा खताच्या विणलेल्या गोण्यांत लोक माती भरून भाजी लावतात. त्या साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. एक-दोन उन्हाळे लागले की त्यांचा भुगा होतो आणि प्लास्टिकच्या दशा मातीत मिसळतात, त्या नंतर निवडता येत नाहीत. त्याऐवजी उन्हाला टिकाऊ अशी जाड पिशवी घ्यावी किंवा तागाचे गोणपाट, जे कुजले तर मातीच होते. शेडनेट घेताना केवळ पन्नास टक्के सावली एवढे पाहू नये. चौरस मीटरला वजन किती आणि उन्हासाठी प्रक्रिया केलेली आहे काय, हे विचारावे. हलकी जाळी स्वस्त दिसते आणि दुसऱ्या वर्षी फाटते. जुनी धुऊन विटलेली सुती साडी रोपांवर सावलीला उत्तम. पॉलिएस्टर साडी खतात टाकू नये, ती आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत तेथेच राहील.

घरी बनवावे असे

पिकवण्याइतकेच महत्त्व टिकवण्याला आहे. त्यात पहिला क्रमांक हळदीचा. जूनमध्ये लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीत पाने वाळली की काढावी, धुवावी, मऊ होईपर्यंत सुमारे पाऊण तास उकळावी आणि दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवून गिरणीवर दळावी. पाच किलो ओल्या हळदीची साधारण एक किलो पूड होते. हा खटाटोप कशासाठी? बांगलादेशात हळद पिवळी दिसावी म्हणून तिच्यात शिसेयुक्त रंग मिसळला जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आणि तेथील सरकारला कारवाई करावी लागली. शिसे लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम करते. घरातील मुलांच्या दुधात जी हळद पडते ती तरी आपल्या नजरेखालची असावी.

वाल हा आपल्या रायगडचा खास माल. कोवळ्या शेंगा थंडीत पोपटीला लागतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी आणि कोंबडी घालून शेकोटीत लावण्याचा आनंद येथील कोणाला सांगावा! उरलेले दाणे पक्व होऊ द्यावेत, कडकडीत वाळवून राख चोळून डब्यात भरावेत. पावसाळ्यात भाजी महागली की त्याच वालाचे बिरडे होते. मे महिन्यात कैरीचे लोणचे, लिंबाचे खारवलेले लोणचे, वाळवलेली लाल मिरची एवढे झाले तरी जुलै-ऑगस्ट सुखाने जातो. लोणच्यात मीठ कमी पडू देऊ नये आणि फोडी तेलाखाली राहाव्यात, एवढे पथ्य पाळले की ते वर्षभर टिकते.

वही काय सांगते

आता हिशेब. आम्ही सुमारे चारशे चौरस फुटांची वही तीन वर्षे ठेवली. ज्या दिवशी जे निघाले ते तोलून त्या दिवसाच्या बाजारभावाने जमेस धरले. पहिल्या वर्षी खर्च ८,६०० रुपये (माती, विटा, पिशव्या, जाळी, अवजारे आणि ते दोन ड्रम), जमा २,९००. दुसऱ्या वर्षी खर्च २,१००, जमा ४,७००. तिसऱ्या वर्षी खर्च १,८००, जमा ५,९००. तीन वर्षांचा एकूण खर्च १२,५०० आणि जमा १३,५००. म्हणजे तीन वर्षांत भांडवल निघाले आणि वर हजार रुपये उरले. घराच्या भाजीचा साधारण सहावा-सातवा हिस्सा बागेतून आला.

यात मजुरी धरलेली नाही. रोज अर्धा तास म्हटले तरी वर्षाला एकशे ब्याऐंशी तास, म्हणजे आठ तासांचे सुमारे तेवीस दिवस होतात. पाचशे रुपये रोजाने ती साडेअकरा हजार झाली. मजुरी धरली तर बाग दरवर्षी तोट्यात आहे. हे आम्ही लपवून ठेवू इच्छित नाही, कारण खोट्या मापाचा व्यवहार हलाल नव्हे, मग तो लेखातील का असेना.

मग बाग का करावी? याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे आहे. ज्याचा अर्धा तास दुकानात विकला जातो, त्याने चार पिशव्या पुदिना-मिरची-कोथिंबीर आणि एक शेवगा एवढ्यावर थांबावे, तेवढा फायद्याचाच आहे. परंतु ज्याचा कारखाना बंद झाला, जो निवृत्त होऊन घरी बसला आहे, ज्या घरात कामाची सवय असलेले हात आहेत पण त्यांना गिऱ्हाईक नाही, तेथे गणित उलटते. न विकल्या जाणाऱ्या वेळेची मजुरी शून्य असते. त्या घराला वर्षाचे चार-पाच हजार रुपये ही बचत आहे. तिच्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. पगार बंद झालेला एक गृहस्थ आमच्या दुकानी येऊन उधारीच्या संकोचाने खाली मान घालून बसत असे. मागील हिवाळ्यात तो मुळ्याच्या दोन जुड्या घेऊन आला आणि मान वर करून बसला. ती जमा आमच्या वहीत कोणत्या खाती लिहावी हे आम्हाला समजले नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशी की, मुसलमानाने लावलेल्या रोपातून किंवा पेरलेल्या पिकातून माणसाने, पक्ष्याने वा जनावराने जे खाल्ले ते लावणाऱ्याच्या खाती सदका म्हणून जमा होते. तेव्हा बुलबुलाने टोचलेली पपई पाहून संतापू नये. जास्त निघाले तर सुकवून फेकण्याआधी शेजाऱ्याच्या दारी द्यावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. अन्न वाया घालवणे हा इसराफ आहे.

सुरुवात लहान करावी. एक वाफा, माहितीची माती, पाच प्रकारचे बी आणि दहा रुपयांची एक वही. वहीच्या डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर जमा. वर्षाअखेर ती वही उघडली की पुढच्या वर्षी काय लावायचे हे कोणाला विचारावे लागणार नाही.